बॉस लिनक्सवर स्टीम चालतं का? कमी परिचित लिनक्सवर गेमिंग सुरू करण्याआधी हे तपासा

हदगाव असो, हिमायतनगर असो की अहमदपूर, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचं दुखणं सगळीकडे सारखंच आहे. १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि विंडोज ८ ला रामराम ठोकला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याच्या अधिकृत यादीतच नाहीत. मशीन चालू आहे, पण त्यावर काय चालवायचं हाच प्रश्न.

अशा वेळी ग्रुपवर कुणीतरी सल्ला देतोच, "लिनक्स टाक की!"

सल्ला चुकीचा नाही. अडचण अशी की लिनक्स हे एकच सॉफ्टवेअर नाही. त्याची शेकडो रूपं आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ उबुंटूचे असतात. तुमच्या मशीनवर मात्र भारत सरकारच्या संस्थेने बनवलेलं बॉस असू शकतं किंवा मित्राने पेनड्राइव्हवरून टाकून दिलेलं भलतंच काहीतरी. मग व्हिडिओतली कमांड तुमच्याकडे एरर देते आणि "लिनक्सवर गेम चालत नाहीत" असा निष्कर्ष निघतो.

तर कमी परिचित लिनक्सवर स्टीम बसवताना नेमकं कुठे अडतं आणि त्यातून वाट कशी काढायची, हे बॉस लिनक्सचं उदाहरण घेऊन समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- स्टीमला डिस्ट्रोच्या नावाशी घेणंदेणं नाही. त्याला तीन गोष्टी लागतात: पुरेशी नवी मूळ लायब्ररी, ३२-बिट लायब्ररी आणि चालणारा ग्राफिक्स ड्रायव्हर.
- या तीन गोष्टी सिस्टीममध्ये सरळ मिळत असतील तर डेब पॅकेज वापरा. मिळत नसतील तर जबरदस्ती न करता फ्लॅटपॅक वापरा.
- सगळ्यात आधी तुमचा आवडता गेम लिनक्सवर चालतो का ते बघा. व्हॅलोरंट किंवा पबजी हवं असेल तर पुढची मेहनत वाया जाईल.

स्टीम लिनक्सवर आलं कधी?

स्टीम हे व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीचं गेम्सचं दुकान आणि लायब्ररी. २००३ मध्ये ते विंडोजवर आलं. लिनक्ससाठीची अधिकृत आवृत्ती फेब्रुवारी २०१३ मध्ये आली. तेव्हा लिनक्सवर चालणारे गेम मोजकेच होते, कारण प्रत्येक कंपनीला त्यासाठी वेगळी आवृत्ती बनवावी लागायची.

चित्र बदललं ते ऑगस्ट २०१८ मध्ये. व्हॉल्व्हने प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी बनवलेला गेम ज्या सूचना देतो, त्या लिनक्सला समजतील अशा करून देणारा हा दुभाष्या. २०२२ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम डेक नावाचं हातात धरून खेळायचं यंत्र बाजारात आणलं. त्यात लिनक्सच आहे. त्यामुळे प्रोटॉन सुधारत राहणं ही कंपनीची स्वतःचीच गरज झाली आणि त्याचा फायदा आपल्या टेबलावरच्या जुन्या डबड्यालाही मिळाला.

बॉस लिनक्स काय भानगड आहे?

बॉसचं पूर्ण नाव भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स. ते बनवतं सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र. ही संस्था १९८८ मध्ये पुण्यात सुरू झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर बनवणारी तीच ही संस्था. बॉसचं मुख्य काम सी-डॅकच्या चेन्नई केंद्रातून चालतं. पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत मेनू आणि टायपिंगची सोय, हे त्याचं वैशिष्ट्य. शाळांसाठी त्याचीच एज्युबॉस ही वेगळी आवृत्ती आहे.

आपल्यासाठी कामाची गोष्ट पुढची. बॉस हे डेबियन नावाच्या जुन्या, भक्कम लिनक्सवर बेतलेलं आहे. उबुंटूसुद्धा डेबियनवरच बेतलेलं. म्हणजे बॉस आणि उबुंटू एकाच घराण्यातले. म्हणून उबुंटूच्या बऱ्याच गोष्टी बॉसवर चालतात. पण घराणं एक असलं तरी प्रत्येकाचं कोठार वेगळं असतं. बॉसची पॅकेजेस सी-डॅकच्या सर्व्हरवरून येतात आणि ते कोठार प्रामुख्याने ऑफिस, शाळा आणि सरकारी कामकाज डोळ्यांसमोर ठेवून भरलेलं आहे.

एक सूचना इथेच. ऑफिस, शाळा किंवा ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर बॉस असेल तर त्यावर स्टीम टाकू नका. ते मशीन तुमचं नाही आणि त्याचा ॲडमिन पासवर्डही तुमचा नाही. हा लेख घरच्या मशीनसाठी आहे.

अडतं नेमकं कुठे?

स्टीमची अधिकृत मदत मिळते ती प्रामुख्याने उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना. बाकी ठिकाणी चालतं, पण जबाबदारी तुमची. आणि अडचणी बहुतेक वेळा या तीनपैकी एका जागी असतात.

पहिली, मूळ लायब्ररी. लिनक्सवरचं जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअर जीलिबसी नावाच्या लायब्ररीवर उभं असतं. स्टीमला ऑगस्ट २०२५ पासून तिची २.३१ किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. डेबियन १० मध्ये ती २.२८ आहे, डेबियन ११ मध्ये बरोबर २.३१ आणि डेबियन १२ मध्ये २.३६. म्हणजे तुमचं बॉस डेबियन १० च्या काळातलं असेल तर दार बंद. ११ च्या काळातलं असेल तर जेमतेम आत. १२ च्या काळातलं असेल तर निवांत.

दुसरी, ३२-बिट लायब्ररी. आजची मशीन्स ६४-बिट आहेत. पण लिनक्सवरचं स्टीम वर्षानुवर्षं ३२-बिट लायब्ररी मागत आलं आहे आणि असंख्य जुने गेमही ३२-बिटच आहेत. डेबियन घराण्यात या लायब्ररी आपोआप सुरू नसतात, त्या मुद्दाम चालू कराव्या लागतात. हा मुद्दा किती नाजूक आहे ते २०१९ मध्ये दिसलं. उबुंटूने ३२-बिट पॅकेजेस बंद करायचं जाहीर केलं आणि व्हॉल्व्हकडून उत्तर आलं की मग पुढच्या उबुंटूला आमचा पाठिंबा नसेल. काही दिवसांतच उबुंटूने माघार घेतली. २०२५ मध्ये फेडोरामध्येही असाच प्रस्ताव आला आणि विरोधानंतर मागे घेतला गेला.

तिसरी, ग्राफिक्स ड्रायव्हर. विंडोजचे बहुतेक गेम डायरेक्टएक्स वापरतात. प्रोटॉन त्याचं भाषांतर वल्कन नावाच्या तंत्रात करतं. प्रोटॉन ८ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना त्यासाठी वल्कन १.३ लागतं. कार्ड किंवा ड्रायव्हर जुना असेल तर स्टीम मस्त उघडतं, गेम डाउनलोड होतो, 'प्ले' दाबलं की दोन सेकंद काहीतरी हलतं आणि परत शांतता. बहुतेक जण इथेच वैतागतात.

पायरी १: आधी गेम तपासा

कुठलीही कमांड द्यायच्या आधी हे काम मोबाइलवर करा. प्रोटॉनडीबी नावाची वेबसाइट आहे. गेमचं नाव टाकलं की जगभरच्या लोकांनी तो लिनक्सवर कसा चालला ते लिहिलेलं दिसतं. प्लॅटिनम किंवा गोल्ड असेल तर बिनधास्त. ब्राँझ असेल तर डोकेफोडीची तयारी ठेवा. 'बोर्क्ड' लिहिलं असेल तर नाद सोडा.

सर्वसाधारण नियम असा:

- एकट्याने खेळायचे कथेवर आधारलेले गेम बहुधा चालतात. उदाहरणार्थ, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. २०२० मध्ये आलेल्या या गेममध्ये ऑनलाइन स्पर्धा नाही. अशा गेममध्ये अँटी-चीटची अडचणच येत नाही.
- काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे व्हॉल्व्हचे स्वतःचे गेम थेट लिनक्ससाठी बनलेले आहेत. प्रोटॉनचीही गरज नाही.
- ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये फसवणूक रोखणारं अँटी-चीट सॉफ्टवेअर असतं. कंपनीने लिनक्सला परवानगी दिली नसेल तर तुम्ही काहीही केलं तरी गेम आत घेत नाही. व्हॅलोरंट, फोर्टनाइट आणि स्टीमवरचं पबजी: बॅटलग्राउंड्स या गटातले.
- आज चालणारा गेम उद्या बंदही होऊ शकतो. एपेक्स लेजेंड्सने ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सचा रस्ता बंद केला. जीटीए ५ चं ऑनलाइन २०२४ च्या सप्टेंबरपासून लिनक्सवर अडलं. त्याची कथा मात्र एकट्याने खेळता येते.
- बीजीएमआय आणि फ्री फायर मॅक्स हे मोबाइलचे गेम आहेत. ते स्टीमवर नाहीतच.

पायरी २: मशीनची कुंडली बघा

सेटिंग्जमध्ये 'अबाउट' या पानावर जा. तिथे तीन गोष्टी मिळतील: सिस्टीम ६४-बिट आहे का, रॅम किती आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं.

सिस्टीम ३२-बिट दिसली, पण प्रोसेसर ६४-बिटचा असेल, तर ६४-बिट आवृत्ती नव्याने टाका. दुसरा उपाय नाही.

मग टर्मिनल उघडा आणि «एलडीडी --व्हर्जन» ही कमांड द्या. या लेखातल्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, तुम्ही त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करा. उत्तराच्या पहिल्या ओळीच्या शेवटी जो आकडा येतो तीच तुमची जीलिबसी. २.३१ पेक्षा कमी असेल तर आधी बॉसची नवी आवृत्ती टाका. जुन्यावर ठिगळं लावत बसू नका.

आता कार्ड. इंटेलच्या प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरत असाल तर सहाव्या पिढीपासून पुढे वल्कनची अडचण सहसा येत नाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीत वल्कन अर्धवट आहे. तिथे जुने आणि हलके गेमच धरून चाला. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून अनेकांनी बसवून घेतलेलं एनव्हिडियाचं जीटी ७१० हे केप्लर पिढीचं कार्ड. त्याला ४७० क्रमांकाच्या मालिकेतला जुना ड्रायव्हर लागतो आणि तो वल्कन १.२ पर्यंतच जातो. म्हणजे प्रोटॉन ८ किंवा ९ त्यावर रुसणार. तिथे प्रोटॉन ७ निवडा. जीटी ७३० बाबत जास्त सावध राहा. त्याच नावाखाली दोन पिढ्यांची कार्डं विकली गेली आणि त्यातल्या जुन्या पिढीला वल्कनच नाही.

पायरी ३: रस्ता पहिला, डेब पॅकेज

जीलिबसी २.३६ किंवा पुढची असेल तर हा रस्ता आधी बघा.

१. «सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६» ही कमांड द्या. याने ३२-बिट लायब्ररींचं दार उघडतं.

२. «सुडो ॲप्ट अपडेट» द्या. आता सिस्टीम कोठारातली यादी नव्याने वाचते. इथे ३२-बिटची यादी सापडली नाही असा एरर आला, तर तुमच्या कोठारात त्या लायब्ररीच नाहीत. थांबा आणि सरळ दुसऱ्या रस्त्याला लागा.

३. स्टीमच्या अधिकृत वेबसाइटवरून लिनक्सची डेब फाइल उतरवा. ती फक्त बसवणारी छोटी फाइल आहे, खरं स्टीम नंतर उतरतं. दुसऱ्या कुठल्याही साइटवरची फाइल घेऊ नका.

४. डाउनलोड फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून «सुडो ॲप्ट इन्स्टॉल» लिहा, एक जागा सोडा, टिंब आणि तिरकी रेघ द्या, फाइलच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा. नाव आपोआप पूर्ण होईल. मग एंटर.

५. पहिल्यांदा स्टीम उघडलं की ते कमी असलेल्या ३२-बिट लायब्ररी स्वतःच मागतं आणि पासवर्ड विचारतं.

चौथ्या पायरीवर घाई करू नका. एंटर दाबल्यावर सिस्टीम यादी दाखवते: काय नवीन येणार आणि काय काढलं जाणार. ही दुसरी यादी वाचाच.

नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध कॅनेडियन यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम बसवायला घेतलं. तेव्हा त्या पॅकेजमध्ये गडबड होती. सिस्टीमने इशारा दिला की हे केलं तर अत्यावश्यक गोष्टी काढल्या जातील आणि खरंच करायचं असेल तर पूर्ण वाक्य टाइप करून होकार द्या. त्याने होकार दिला आणि स्टीमऐवजी त्याचा अख्खा डेस्कटॉपच उडाला. लाखो लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. नंतर ॲप्ट बनवणाऱ्यांनी अशी चूक करणं आणखी अवघड केलं. पण धडा तोच राहतो. काढायच्या यादीत डेस्कटॉपशी संबंधित नावं दिसली की 'नाही' म्हणा.

आणखी एक मोह टाळा. बॉसमध्ये एखादं पॅकेज मिळालं नाही म्हणून डेबियन किंवा उबुंटूचं कोठार त्यात जोडू नका. दोन कोठारांतल्या आवृत्त्या जुळत नाहीत आणि पुढच्या अपडेटला सिस्टीम कोलमडू शकते. लिनक्सवाल्यांनी अशा खिचडीला 'फ्रँकनडेबियन' असं नाव ठेवलं आहे.

पायरी ४: रस्ता दुसरा, फ्लॅटपॅक

फ्लॅटपॅक म्हणजे आपला डबा घेऊन येणारा पाहुणा. तुमच्या स्वयंपाकघरात काय आहे काय नाही, याने त्याला फरक पडत नाही. स्टीमच्या फ्लॅटपॅकमध्ये लागणारी जीलिबसी, ३२-बिट लायब्ररी आणि इंटेल-एएमडीचे नवे ग्राफिक्स ड्रायव्हर सोबतच येतात. सिस्टीममध्ये ३२-बिट चालू करायची गरज उरत नाही.

जीलिबसी २.३१ वाल्यांसाठी तर हाच रस्ता चांगला. कारण डेबियन ११ च्या काळातला ग्राफिक्स ड्रायव्हर वल्कन १.२ पर्यंतच जातो. डेब पॅकेजने स्टीम उघडेल, पण नवं प्रोटॉन चालणार नाही. फ्लॅटपॅक स्वतःचा नवा ड्रायव्हर आणतं, त्यामुळे तेच कार्ड तेच मशीन असूनही गेम सुरू होऊ शकतो.

१. बॉसच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून किंवा «सुडो ॲप्ट इन्स्टॉल फ्लॅटपॅक» देऊन फ्लॅटपॅक बसवा.

२. फ्लॅटहबच्या वेबसाइटवर सेटअपचं पान आहे. तिथल्या यादीत बॉसचं नाव दिसलं नाही तर डेबियन निवडा. दिलेली कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये पेस्ट करा.

३. मशीन एकदा रीस्टार्ट करा.

४. फ्लॅटहबवर स्टीम शोधा आणि त्या पानावर दिलेली इन्स्टॉलची कमांड चालवा.

तोटेही सांगायला हवेत. पहिला, डाउनलोड मोठं आहे, कारण डबा भरून येतो. दुसरा, हे पॅकेज व्हॉल्व्हचं अधिकृत नाही, स्वयंसेवक सांभाळतात. तिसरा, फ्लॅटपॅकला बाकीच्या ड्राइव्ह दिसत नाहीत. गेम दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवायचे असतील तर फ्लॅटसील नावाचं छोटं ॲप बसवून स्टीमला त्या फोल्डरची परवानगी द्या. चौथा, एनव्हिडिया कार्ड असेल तर मूळ ड्रायव्हर सिस्टीममध्ये आधी बसवावाच लागतो. त्याला जुळणारा भाग फ्लॅटपॅक मग स्वतः उतरवतं.

पायरी ५: स्टीम उघडलं, आता काय?

लॉगिन करा आणि स्टीम गार्ड चालू ठेवा. मग सेटिंग्जमध्ये 'कंपॅटिबिलिटी' या भागात जा. सगळ्या गेमसाठी प्रोटॉन वापरण्याचा पर्याय बंद दिसला तर चालू करा. एखाद्या गेमसाठी प्रोटॉनची वेगळी आवृत्ती हवी असेल तर त्या गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी.

पहिला गेम छोटा आणि फुकट निवडा. मोठा गेम उतरवून मग चालत नाही असं कळण्यापेक्षा हे बरं. विकत घेतलेला गेम चालला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीमकडे पैसे परत मागता येतात.

स्टीमचा मेनू मराठीत नाही. बॉस मराठीत वापरत असाल तरी स्टीम इंग्रजीतच दिसेल, बिघाड समजू नका.

डेटा आणि लाइट यांचं काय?

तालुक्याच्या गावात गेमिंगची खरी लढाई इथे असते. काउंटर-स्ट्राइक २ साठी ८५ जीबी मोकळी जागा ठेवायला सांगतात. तुमच्याकडे रोजचा २ जीबीचा मोबाइल पॅक असेल तर ३० जीबीचा गेम उतरायला १५ दिवस लागतील, तेही बाकी काहीच न बघता. म्हणून:

- डाउनलोड सेटिंग्जमध्ये मुंबईचा विभाग निवडा आणि वेगावर मर्यादा घाला, म्हणजे घरातल्या बाकीच्यांचे मोबाइल ठप्प होणार नाहीत.
- आपोआप अपडेट रात्रीच्या वेळेवर लावा.
- शेडर प्री-कॅशिंग बंद केलं तर डेटा वाचतो. बदल्यात गेम सुरुवातीला थोडा अडखळू शकतो.
- मित्राकडे तोच गेम असेल तर त्याचं मशीन घरी आणा. दोन्ही मशीन एकाच राउटरला जोडली की स्टीम इंटरनेटऐवजी शेजारच्या मशीनवरून फाइल्स घेऊ शकतं. ही सोय २०२३ मध्ये आली. गेम मात्र तुमच्या खात्यातही असायला हवा.
- नांदेड किंवा लातूरला शिकणाऱ्या भावाकडे चांगलं वायफाय असेल तर त्याच्याकडे गेम उतरवून स्टीमच्या बॅकअप पर्यायाने एक्स्टर्नल डिस्कवर आणता येतो.

लाइट मध्येच गेली तर घाबरू नका. डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. गेम उघडेनासा झाला तर प्रॉपर्टीजमधून फाइल्स तपासण्याचा पर्याय चालवा. खराब झालेलाच भाग परत उतरतो, पूर्ण गेम नाही.

बॉस नाही, दुसरंच लिनक्स आहे?

मग आधी त्याचं घराणं शोधा.

- गरुड लिनक्स: भारतात सुरू झालेलं, आर्च घराण्यातलं. गेमिंग डोळ्यांसमोर ठेवून बनलं आहे, स्टीम सहज मिळतं. पण जुन्या मशीनला त्याची सजावट जड जाते.
- व्हॉइड: 'मल्टिलिब' आणि 'नॉनफ्री' ही दोन जादा कोठारं चालू केली की स्टीम मिळतं. मात्र त्याची मसल नावाच्या लायब्ररीवरची आवृत्ती असेल तर फ्लॅटपॅकच.
- अल्पाइन: तेही मसलवरच. फ्लॅटपॅक.
- निक्सओएस: इथे डेब फाइल चालत नाही. सिस्टीमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये स्टीम चालू करण्याची एक ओळ लिहायची असते.
- ओपनसुसे: जादा कोठारातून किंवा फ्लॅटपॅकने.

घराणंच कळत नसेल तर फ्लॅटपॅकपासून सुरुवात करा. जवळपास कुठेही चालतं आणि नको झालं तर सिस्टीमला धक्का न लावता निघून जातं.

नेहमी येणाऱ्या चार अडचणी

गेम सुरू होऊन लगेच बंद होतो? प्रोटॉनची आवृत्ती बदलून बघा. मग ड्रायव्हर तपासा.

गेम विंडोजच्या ड्राइव्हवर ठेवलाय? विंडोजची एनटीएफएस डिस्क प्रोटॉनला मानवत नाही. गेम लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर हलवा. एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्यांची ही सर्वात मोठी डोकेदुखी आहे.

डेबने बसवलंय, पण ३२-बिट गेमच तेवढे चालत नाहीत? ड्रायव्हरची ३२-बिट आवृत्ती राहिली असेल. सिनॅप्टिकमध्ये 'मेसा वल्कन ड्रायव्हर्स' शोधा आणि आय३८६ लिहिलेली नोंद निवडा.

फ्लॅटपॅकमध्ये गेमपॅड ओळखला जात नाही? सिस्टीममध्ये 'स्टीम डिव्हायसेस' नावाचं छोटं पॅकेज बसवून रीस्टार्ट करा.

मग करावं की नाही?

तुमचं सगळं खेळणं व्हॅलोरंट किंवा पबजीवर असेल तर लिनक्सवर जाऊन पदरी निराशाच येईल. विंडोजवरच थांबा. पण कथेचे गेम, जुने गेम, काउंटर-स्ट्राइक २ किंवा डोटा २ हे तुमचं जग असेल आणि मशीन विंडोज ११ च्या यादीत बसत नसेल, तर ते भंगारात द्यायच्या आधी एक रविवार याला द्या. जीलिबसीचा आकडा बघा, कार्डाचं नाव बघा, प्रोटॉनडीबीवर गेम बघा. हे तिन्ही जुळलं तर डिस्ट्रोचं नाव कितीही अनोळखी असो, स्टीम चालेल. आणि हार्ड डिस्कवरचे फोटो आणि कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा. नवीन सिस्टीम टाकताना विंडोजचा भाग पुसला गेला तर गेम पुन्हा उतरवता येतो, बहिणीच्या लग्नाचे फोटो नाही.